शाळेतील शिक्षकांचा एकोपा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेत केलेले भाषण)



महोत्सवात पूर्वजांचे गुणगान करावे, ही रीत योग्यच आहे. परंतु आपण आम्हांस शाळेविषयी बोलावयास सांगितले आहे. तेव्हा इमारत, निकाल व बक्षिसे हे विषय बाजूस ठेवून शिक्षकांच्या आपसांतील एकोप्याविषयी चार शब्द बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

वसईच्या वाड्यांतील रहाट येथील वडील मंडळींनी पाहिला आहे. एका गाडग्यात पाणी ते किती मावणार? परंतु माळेतील प्रत्येक गाडगे आपल्या वाट्याचे पाणी वर आणून ओती, म्हणून केळी व पानमळे जगत. माळ तुटली, म्हणजे चांगली गाडगीही विहिरीच्या तळाशी जात. शाळेचेही तसेच आहे.

प्रथम आमचाच दोष सांगतो. पूर्वी एका शाळेचा कारभार आम्हांकडे होता. शिक्षकांची सभा म्हणजे परिपत्रके वाचावयाची व सह्या घ्यावयाच्या, असा आमचा समज होता. एके वर्षी पाचवीतील एक मुलगा शाळेत येईनासा झाला. चौकशी करिता कळले, की त्याच्या घरी कादोडी बोलत. पुस्तकी मराठीत उत्तर देताना तो अडखळे, मुले हसत, म्हणून तो गप्प राही. आणि नव्या मास्तरांनी त्यास मठ्ठ ठरविले. चौथीच्या बाईंस हे सारे ठाऊक होते. त्या त्यास आधी आपल्या बोलीत सांगू देत व मग तेच पुस्तकी भाषेत वदवून घेत. दोन वर्गांमध्ये एकच भिंत होती. तरी एवढी गोष्ट पलीकडे गेली नाही. मुलगा परत आला नाही. बाईंस व मास्तरांस एकत्र बसविण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नव्हते.

एकोप्याने काय साधते, ह्याचे उदाहरण आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे 1945 साली ताराबाई मोडक ह्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढिले. त्यांस अनुताई वाघ येऊन मिळाल्या. ताराबाई त्यांच्याहून सुमारे अठरा वर्षांनी वडील होत्या. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी मुलांस नावे ठेविली नाहीत. त्यांनी वस्तीतील अंगणातच शाळा भरविली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढिली. 1957 साली हे कार्य कोसबाडला गेले. 1973 साली ताराबाई वारल्या, तरी कार्य थांबले नाही. अनुताईंनी ते 1992 सालापर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, चालविले. पहिल्या बाईंनी दुसरीस आपल्या बरोबरीने उभे केले होते, म्हणूनच हे घडले.

जपानातही शिक्षकांची एक जुनी चाल आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करितात. एक जण तो शिकवितो. बाकीचे मुलांवर लक्ष ठेवून बसतात. मागाहून सर्व मिळून पाठ कोठे अडला हे शोधितात. पाठ सर्वांचा असल्यामुळे शिकविणाऱ्यास एकट्याने दोष सोसावा लागत नाही.

आपल्या शाळेसाठी आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, जून महिन्यात वर्ग सुरू होण्यापूर्वी खालच्या वर्गाच्या शिक्षकांनी वरच्या वर्गाच्या शिक्षकांस प्रत्येक मुलाविषयी सांगावे; त्यास काय येत नाही एवढेच नव्हे, तर तो कशाने खुलतो हेही सांगावे. दुसरी, परिपत्रके फलकावर लावावी आणि महिन्यातून एक तास, वेळापत्रकातच राखून, केवळ मुलांविषयी बोलावे. शाळा सुटल्यावर थकलेल्या माणसांस बसवून हे काम होत नाही. तिसरी, एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावे. आणि हेडमास्तरांनी आपला वर्ग प्रथम उघडावा, म्हणजे नव्या शिक्षकांची भीड मोडेल.

पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. ह्या बाई चांगल्या, ते मास्तर वाईट, अशी तुलना मुलांदेखत करू नये. आपण घरी पाडलेली भेग शाळेत रुंदावते.

संत पौलाने करिंथकरांस एक शरीर व अनेक अवयव हा दृष्टान्त दिला, तो आपण चर्चमध्ये वारंवार ऐकतो. तो आता शिक्षकांच्या खोलीतही दिसावा, आणि एकही मूल दोन वर्गांच्या मध्ये हरवू नये, एवढीच परमेश्वरचरणी आमची प्रार्थना आहे.