रुमालाखालचा भाव



अंजनगांव-सुर्जी म्हटलें कीं इतिहासाच्या अभ्यासकास ३० डिसेंबर १८०३ चा तह आठवतो. मला बोलावयाचें आहे तें दुसऱ्याच तहाविषयीं. तो कागदावर कधीं उतरत नाहीं. चार खरेदीदार आदल्या रात्रीं एकत्र बसून उद्यांचा भाव ठरवितात आणि कापसाची गाडी घेऊन आलेला कास्तकार नागवला जातो, तो हा तह.

पूर्वीं कित्येक बाजारांत सौदा रुमालाखालीं होई. आडत्या व खरेदीदार कापडाआड बोटें दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तोच अंधारांत! शिवाय हमाली, तोलाई, कडता आणि धर्मादाय. हा धर्म नेहमीं दुसऱ्याच्या पैशानें होई.

ह्यास आळा घालण्याचा प्रयत्न हिंदुस्थानांत प्रथम वऱ्हाडांतच झाला. १८८६ सालीं कारंजाचा कापूसबाजार नियमाखालीं आला व १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. हेतु केवळ परोपकाराचा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांस शुद्ध कापूस हवा होता. देखरेखीच्या समितींत वर्चस्वही व्यापाऱ्यांचेंच. शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींस बहुमत देणारा महाराष्ट्राचा कायदा व्हावयास १९६३ साल उजाडावें लागलें.

युरोपांत १९५७ च्या रोमच्या करारानें अशा संगनमतास बंदी केली. तेथील आयोगाचे अधिकारी पूर्वसूचना न देतां कचेरींत शिरून दप्तर तपासतात. दंड जगभरच्या उलाढालीच्या शेंकडा दहापर्यंत होऊं शकतो. परंतु खरी मेख निराळीच आहे. कटांतून फुटून जो प्रथम कबुली व पुरावा देईल, त्यास दंडाची पूर्ण माफी मिळूं शकते. फितुरीस बक्षीस देणें कोणास अनीतीचें वाटेल. मला तें शहाणपणाचें वाटतें. गुप्त संगनमतास भागीदारावांचून साक्षीदार तरी कोण असणार? आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यांतही ही सवलत आहे.

पण तो आयोग दिल्लीस! गाडीभाडें अंगावर घेऊन उभा असलेला कास्तकार तेथें दाद मागावयास केव्हां जाणार? म्हणून पुरावा गांवींच सांठला पाहिजे. लिलाव आतां उघड्यावर होतो हें खरें. तथापि बोली न वाढविण्यास ओठ हलवावे लागत नाहींत. बाजार समितीनें केवळ अखेरचा भाव न लिहितां प्रत्येक बोली नांवनिशीवार लिहून ठेवावी, आणि ती वही कोणाही शेतकऱ्यास पाहूं द्यावी. तेच चौघे रोज त्याच आंकड्यावर थांबत असतील, तर महिन्याभरांत तें वहींतच दिसेल.