डबल ड्रायव्हरची नोकरी



सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारातून निघालेली साड्यांची गाठ कोलकात्याच्या दुकानात पोचेपर्यंत सुमारे १,८०० किलोमीटरांची मजल मारते. हजिऱ्याहून निघणारा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, ज्याला जुनी माणसे अजूनही सहा नंबरच म्हणतात, सोनगड, नवापूर करीत कोंडाईबारीचा घाट चढतो आणि साक्री, धुळे, नागपूर असा पूर्वेकडे जातो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींना हा गावाकडचा रस्ता म्हणून परिचित आहे. त्यांच्यातील जे तरुण जड वाहनाचा परवाना घेऊन कामाच्या शोधात आहेत, त्यांच्याशी आज थोडे बोलावयाचे आहे. लांब पल्ल्याच्या गाडीवर मालक पुष्कळदा दोन चालक नेमतो. एक चालवतो, दुसरा मागे निजतो आणि गाडी चालूच राहते. तिला डबल ड्रायव्हरची गाडी म्हणतात.

ऐकणाऱ्याला वाटते, दोघे असल्यावर श्रम निम्मे झाले. वस्तुतः तसे नाही. या नोकरीत गाडी चालविणे हे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे काम म्हणजे झोपणे. मागच्या फळीवर पडून जो मोबाईलवर चित्रपट पाहतो, किंवा पुढच्याशी गप्पा मारीत बसतो, तो आपल्या वाट्याचे काम टाळीत असतो. कारण चार तासांनी त्याच्याच हाती वीस-पंचवीस टन वजन यावयाचे असते. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की सतरा तास सलग जागलेल्या माणसाची तत्परता रक्तात शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला निर्व्यसनी चालक केवळ जागरणाने त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेस पोचतो, आणि त्याला पकडणारे यंत्र कोणत्याही नाक्यावर नसते.

धावत्या गाडीतील झोप मुळातच तुटक. युरोपीय संघाच्या नियमांनुसार दोन चालकांच्या गाडीवरही प्रत्येकाला ३० तासांच्या आत निदान ९ तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, आणि ती गाडीतच घ्यावयाची तर गाडी उभी असली पाहिजे. धावत्या गाडीत पहुडणे तेथे दैनिक विश्रांतीत धरीत नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत आणि मागे आडवे होता येईल असे आसन असावे, अशी अट पूर्वी होती. दोन चालकांची सक्ती २०१८ साली उठली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घातलेले दिवसाला आठ तासांचे माप, तो कायदा २०२५ साली नव्या श्रमसंहितेत विलीन झाला तरी, मूळ माप म्हणून राहिले आहे. परंतु एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे हे तास मोजावयास कोण बसतो? तेव्हा दोघांचे मिळून सोळा तास, आणि उरलेल्या आठांत गाडी उभी, हा हिशेब चालकांनीच मालकासमोर मांडावयास हवा. तो मांडावयाचा तो नोकरी धरण्यापूर्वी. नागपूरच्या पुढे गेल्यावर नव्हे.

आता जोडीदाराविषयी. खानदेशातून येणारा मुलगा बहुधा मामाच्या, चुलतभावाच्या किंवा गावातल्या कोणा थोरल्याच्या गाडीवर चढतो. यात आधार आहे, तसा एक धोकाही आहे. थोरला दिवसाउजेडी गाडी चालवतो आणि पहाटे दोन ते पाच हा वेळ नवख्याच्या वाट्यास येतो. शरीर झोपेसाठी सर्वांत हट्ट धरते ते नेमके याच वेळी. नवख्याला मात्र "दादा, डोळे मिटताहेत, गाडी तुम्ही घ्या" एवढे म्हणणे जड जाते. दादा काय म्हणतील, गावात काय सांगतील, या संकोचाने तो तसाच रेटतो. माझे मत विचाराल तर पहिल्या खेपेलाच, सुरतेतून निघण्याआधी, दोघांनी एकमेकांना शब्द द्यावा, की जो झोप येते म्हणेल त्याच्याकडून गाडी त्याच क्षणी काढून घेतली जाईल आणि त्याविषयी पुढे कोठे ब्र निघणार नाही. असा शब्द देण्यास जो थोरला हसतो, त्याच्याबरोबर जाऊ नये.

गाडी हाती घेण्याचीही एक रीत आहे. गाढ झोपेतून उठलेल्याचे डोके पुरते जागे होण्यास पंधरा मिनिटांपासून अर्धा तास लागतो. म्हणून ढाब्यावर उतरावे, तोंड धुवावे, टायरांवर हात मारीत गाडीभोवती एक फेरी घालावी आणि मग स्टिअरिंगवर बसावे. परतीच्या वाटेवर हा बदल साक्रीच्या आसपास करावा. पुढे कोंडाईबारीचा उतार आहे, आणि भरलेली गाडी उतरवणे हे अर्धवट जाग्या माणसाचे काम नव्हे.

काही ठिकाणी दुसरा चालक म्हणून प्रत्यक्षात क्लीनर दिलेला असतो. त्याचा परवाना स्वतः पाहावा. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणे हा गुन्हा आहे. शिवाय तुम्हांला त्याच्या भरवशावर झोप लागणार नाही, म्हणजे नावाला दोघे आणि जागा एकटाच, अशी गत होते.

पगार, खेपेचा भत्ता आणि उचल यांत दोघांचा वाटा किती, हेही आधी ठरवावे. भांडणे बहुधा येथूनच सुरू होतात. आणि "माल उद्या पोचलाच पाहिजे" असे व्यापारी म्हणाला, तर ई-वे बिलाकडे पाहावे. त्यावर साधारण मालाला दर २०० किलोमीटरांस एक दिवस मिळतो. १,८०० किलोमीटरांना नऊ दिवस झाले. सरकारी कागदाला जी घाई नाही ती कोणाची आहे, आणि तिच्यासाठी तो जादा किती देतो, हे विचारण्यास हरकत नसावी.

केबिनमध्ये एक वही ठेवावी. प्रत्येक बदलाच्या वेळी ठिकाण, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहून दोघांनी सही करावी. अपघात झाल्यास गाडी कोणाच्या हाती होती, हा पोलिसांचा पहिला प्रश्न असतो.