मुलाचें वकीलपत्र

रडल्यावांचून आईसुद्धां दूध पाजीत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यांत आईच्या आळसापेक्षां मुलाच्या असहायतेचें वर्णन अधिक आहे. तान्ह्या मुलाजवळ रडणें ही एकच भाषा. ती घरांत कळते, पण दवाखान्यांतील डॉक्टरांना कळावी कशी? भुकेचें रडणें कोणतें आणि कानांतील ठणक्याचें कोणतें, हें चोवीस तास जवळ असणाऱ्या माणसालाच ठाऊक. म्हणून मुलाच्या प्रकृतीचा प्रश्न जेथें निघेल तेथें त्याच्या वतीनें बोलण्याचें वकीलपत्र आईबापांकडेच येतें. तें चालविणें दिसतें तितकें सोपें नाहीं. कारण समोर बहुधा अधिक जाणता मनुष्य असतो, आणि जाणत्यापुढें गप्प बसणें यालाच सभ्यता समजण्याची रीत आहे.

या गप्प बसण्याची किंमत मुलांना किती द्यावी लागते, हें इंग्लंडांतील रुग्णालयांच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील पुष्कळ रुग्णालयांत आजारी मुलाला भेटण्यास आईबापांना आठवड्यांतून एखाद-दोन वेळां, तासा-दोन तासांपुरतीच मुभा असे. कांहीं ठिकाणीं तीहि नसे. आई आली म्हणजे मूल रडतें आणि बाहेरून रोगजंतूहि येतात, असें कारण सांगत. आईवांचून कांहीं दिवस गेले कीं मूल निमूट होई. तेव्हां तें आतां रुळलें, असें समजत. न्यूकॅसलचे बालरोगतज्ज्ञ जेम्स स्पेन्स यांनीं आयांना मुलांजवळ ठेवून घेण्याचा प्रघात कित्येक वर्षें आधींच पाडला होता; परंतु त्यांचें अनुकरण फारसें झालें नाहीं.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांना हें रुळणें खरें वाटेना. त्यांनीं पाहिलें कीं, मूल प्रथम आकांत करतें, मग खिन्न होऊन पडून राहतें, आणि शेवटीं आईविषयींच उदासीन होतें. ती भेटावयास आली तरी तोंड फिरवितें. तोंडी सांगून डॉक्टर मंडळींस पटेना, तेव्हां १९५२ सालीं त्यांनीं एक चित्रपटच तयार करून दाखविला. लॉरा नांवाची दोन वर्षांची मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस रुग्णालयांत राहते, एवढीच त्यांतील हकीकत. ती फारशी रडत नाहीं. रडें आवरण्याची तिची धडपडच पाहणाराच्या मनाला अधिक लागते. चित्रपट पाहून कित्येक डॉक्टर संतापले. ॲमरशॅमचे डर्मॉड मॅकार्थी हे त्या संतापलेल्यांपैकींच. पण पुढें आपल्या वॉर्डांतील मुलांकडे ते नव्या दृष्टीनें पाहूं लागले, त्यांचें मत पालटलें, आणि त्यांनीं आयांना मुलांजवळ राहूं दिलें.

१९५९ सालीं सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनें शिफारस केली कीं, आईबापांना भेटीची मोकळीक असावी आणि पांच वर्षांखालील मुलाबरोबर आईला राहतां यावें. सरकारनें ती मान्य केली. रुग्णालयांनीं मात्र सावकाशीनें घेतलें. अखेर १९६१ सालीं रॉबर्टसन यांनीं टेलिव्हिजनवरून हा विषय थेट आईबापांपुढें मांडला, तेव्हां लंडनच्या बॅटर्सी भागांतील कांहीं आयांनीं संघटना काढून या शिफारशींचा पिच्छा पुरविला. त्या कोणी डॉक्टर नव्हत्या. आपलें मूल रात्रीं कोणाला हाक मारतें, एवढेंच त्यांना ठाऊक होतें. तें त्या बोलल्या.

आपल्याकडे मुलाच्या खाटेशीं आई बसलेली असणें ही नवलाची गोष्ट नव्हे. पण जवळ असून ती मुकी असली, तर वकीलपत्र कोरेंच राहतें. डॉक्टरांपुढें "कालपासून बरें नाहीं," एवढेंच सांगितलें जातें. ताप केव्हां चढला व किती, दूध-पाणी किती घेतलें, लघवी शेवटची केव्हां झाली, आधीं कोणतें औषध दिलें, पूर्वीं कोणतें सोसलें नव्हतें, हें कागदावर टिपून नेलें तर डॉक्टरांचें अर्धें काम हलकें होतें. मुलांच्या पुष्कळ औषधांचें प्रमाण वजनावर ठरतें. तेव्हां अलीकडचें वजनहि ठाऊक असावें. निघतांना, हें औषध कशासाठीं, किती दिवस, आणि कोणतें चिन्ह दिसल्यास लगेच परत यावें, हें विचारण्यांत कसलाहि उद्धटपणा नाहीं. मूल पाणीहि घेईनासें झालें, पोटांत जाईल तें सर्व ओकूं लागलें, गळून निपचित पडलें किंवा त्याला झटके आले, तर "लहान मुलांना असें होतेंच," हें वाक्य कोणाच्याहि तोंडून आलें तरी ऐकत बसूं नये; त्याच पावलीं रुग्णालय गांठावें.

वकिलानें अशिलाचें म्हणणें आधीं ऐकून घ्यावें लागतें, हें मात्र घरोघर विसरलें जातें. नऊ वर्षांच्या मुलाला डॉक्टर "कोठें दुखतें?" असें विचारतात आणि उत्तर वडील देतात! शाळेंतहि तोच प्रकार. मागच्या बांकावरील मूल फळ्यावरचीं अक्षरें चुकीचीं उतरूं लागलें, कीं प्रगतिपुस्तकांत "लक्ष नाहीं" असा शेरा येतो, आणि घरीं त्याला बोलणीं बसतात. शाळेंत जाऊन, त्याला महिनाभर पुढें बसवून पाहावें, अशी विनंति करणारा बाप विरळा; त्याचे डोळे तपासून घेणारा आणखी विरळा; आणि त्याआधीं, "तुला फळा नीट दिसतो का रे?" एवढें मुलालाच विचारणारा त्याहूनहि विरळा. मूल आपण होऊन तक्रार करीत नाहीं. इतरांनाहि फळा तितकाच अंधुक दिसत असावा, अशी त्या बिचाऱ्याची समजूत असते.