कुकरची घाई नको

(मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



आज हप्ता, व्याज, रजिस्टर थोडं बाजूला ठेवू या. आपल्यापैकी काही जणी शाळेचा पोषण आहार शिजवतात, काही जणी डब्यांच्या ऑर्डरी घेतात. कुकर तर घरोघरी आहे. म्हणून आज वाफेबद्दल बोलायचं आहे.

उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशांना उकळतं. खाली कितीही जाळ करा, ते त्याहून जास्त तापत नाही; जादा उष्णतेने नुसती वाफ उडून जाते. कुकरमध्ये हीच वाफ कोंडते आणि पाण्यावर दाब देते. दाबाखालचं पाणी सहज उकळत नाही, ते साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. म्हणून तूरडाळ लवकर शिजते. १६७९ मध्ये डेनी पापँ या फ्रेंच संशोधकाने असं भांडं बनवलं आणि त्याला सेफ्टी व्हॉल्व्हही लावला. दाबाची ताकद त्याला ठाऊक होती.

आता कामाचं बोलू.

पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. शिट्टीचं वजन दाब ठरावीकच ठेवतं. मोठ्या जाळाने डाळ जास्त तापत नाही, शिट्ट्या तेवढ्या वाढतात आणि सिलिंडर लवकर संपतो.

दुसरं, दाब उतरल्याशिवाय झाकण उघडू नका. उघडलं तर दाब एकदम जातो, १२० अंशांच्या पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते आणि डाळ उसळून तोंडावर येते. झाकण अडलं तर जोर लावू नका, थांबा.

तिसरं, कुकर लावण्याआधी झाकणाची नळी उजेडाकडे धरून बघा. आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस अडकला तर वाफेला वाटच राहत नाही. म्हणून डाळ-पाणी मिळून कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर नवा त्याच कंपनीचा बसवा. तिथे खिळा किंवा बोल्ट ठोकायचा नाही. आठवडाभर चालेल म्हणू नका, तो एका दिवसातही घात करेल.

तरीही भाजलंच तर भाग २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा तोंड, डोळे भाजले असतील तर लगेच दवाखाना गाठा.

उद्या सकाळी कुकर लावण्याआधी नळी आणि व्हॉल्व्ह एवढं बघाच. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना मी विचारणार आहे!