मुलांचा फुटबॉल व घरचा जमाखर्च
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पालकसभेपुढे दिलेले भाषण)



अशा प्रसंगी व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा परप्रांतातील मराठीचे भवितव्य यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र आज फुटबॉलवर, आणि तेही त्याच्या खर्चावर, बोलणार आहोत. विषय हलका वाटेल; परंतु मंडळात दोन पालक एकत्र आले म्हणजे शाळेच्या फीनंतर गोष्ट निघते ती अकादमीच्या फीची, आणि ती निघाली की आवाज आपोआप खाली येतो. ज्या खर्चाविषयी माणसे हळू आवाजात बोलतात, त्याविषयी एकदा मोठ्याने बोलावे, एवढाच आमचा हेतू.

वस्तुतः फुटबॉल हा गरिबांचा खेळ, आणि बेंगळूरने ते जगापुढे सिद्ध केले आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकुलता एक गोल केला तो बेंगळूरच्या सारंगपाणी रामनने. आपले बहुतेक खेळाडू त्या सामन्यात अनवाणी खेळले होते. अहमद खान इथलेच, उलगनाथन इथलेच. ऑस्टिन टाउनच्या वस्तीतून कार्लटन चॅपमन निघाला व भारताचा कर्णधार झाला. हलसूरनजीकच्या गौतमपुरात तर पेलेचा पुतळा उभा आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा मुलांना घेऊन अवश्य जावे. म्हैसूर राज्याने, म्हणजे मुख्यत्वे या शहराने, संतोष करंडक चार वेळा जिंकला, आणि पुढे ५४ वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, कर्नाटकाने तो रियाध येथे मेघालयाला ३-२ असे हरवून पुन्हा आणला.

या खेळाडूंच्या आईबापांनी किती फी भरली असेल? आमच्या समजुतीप्रमाणे नाममात्रही नाही. त्यांचा खर्च कोणीच केला नाही असे मात्र नव्हे. छावणीच्या काळातील मोकळ्या जागा होत्या, वस्तीतील क्लब होते, आणि मोठे झाल्यावर आयटीआय, एचएएल यांसारखे सरकारी कारखाने चांगल्या खेळाडूला नोकरी देऊन आपल्या संघात घेत. चॅपमन १९९० मध्ये जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत गेला. तेथे होतकरू मुलांचा भार संस्था उचलीत असे. सारांश, खेळ त्या वेळीही फुकट नव्हता. त्याचे बिल घरी येत नसे, इतकेच.

आज ते घरी येते, आणि त्यात सर्वांत मोठी रक्कम आहे ती जमिनीची. याचा हिशेब आम्ही मुद्दाम करून पाहिला. आंतरराष्ट्रीय मापाचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते, म्हणजे सुमारे ७६,८५० चौरस फूट. आपल्या गावच्या भाषेत साधारण सत्तर गुंठे. आता ते बेंगळूरच्या भाषेत सांगतो. इथे माणूस पगार लपवील, पण ३० बाय ४० ची ‘साइट’ कोठे घेतली ते सांगितल्याशिवाय राहणार नाही. एका मैदानात अशा ६४ साइटी बसतात! चौरस फुटास दहा हजार रुपये हा भाव धरला, तरी ती जमीन ७६ कोटींहून अधिक किमतीची होते. अशा जमिनीवर कोण मुलांना चेंडू लाथाडू देईल? म्हणून मैदान आक्रसते, त्यावर कृत्रिम हिरवळ पसरते, भोवती जाळी व दिवे लागतात आणि ते तासाच्या दराने भाड्याने निघते. कोच ते भाडे आपल्या फीत घालतो. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. त्याचेही घर आहे.

मैदाने अशी घटत असता हौस मात्र वाढली. २०१३ मध्ये बेंगळूरु एफसी हा क्लब निघाला व पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. मुलांनी टीव्हीवर पाहिले, पालकांनी चौकशी केली, आणि मागणी वाढली की दर वाढतात हा अर्थशास्त्राचा पहिला धडा सर्वांना शिकावयास मिळाला.

आता एका घरचा जमाखर्च मांडू. आकडे गृहीत आहेत. ज्याने त्याने आपले घालून बेरीज करावी. फी महिना ४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४८,०००. व्यापारी अकादमी करपात्र असेल तर त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, ८,६४०. बुटांचे दोन जोड, ६,०००. कारण वाढत्या वयात पाय कोणाचे ऐकत नाहीत. बाहेरगावच्या दोन स्पर्धा, २०,०००. आणि आठवड्यातून तीनदा मैदानापर्यंत जाण्यायेण्यास रिक्षाचे २०० रुपये धरले तर सुमारे २८,८००. एकूण १,११,४४०. सिल्क बोर्डच्या चौकात खोळंबलेल्या आईच्या संध्याकाळी या बेरजेत नाहीत.

घरात दोन मुले असली म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. एकाचा खर्च झेपतो, दोघांचा झेपत नाही. मग कोणाचा खेळ थांबतो? बहुधा मुलीचा. ‘तिला दहावी जवळ आली’ असे कारण सांगितले जाते; भावालाही दहावी येतेच, परंतु तेव्हा तडजोड निघते. कोणी वाईट हेतूने असे करीत नाही. पण फी वाढली की घरातील जुन्या समजुती गुपचूप पुढे येतात, आणि याची आम्हांस पैशापेक्षा अधिक चिंता वाटते.

यावर आपल्याच मुलखात एक जुना उपाय आहे. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. (तेथील हुल्लडबाजीचे आम्ही समर्थन करीत नाही.) संघ उभा राहतो तो पेठेच्या वर्गणीवर व देणगीदारांवर. याच कोल्हापुरातील एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पुण्यास शिकला आणि २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पेठ आणि शासन यांनी मिळून जे ओझे उचलले, ते आपण इथे एकेकटे उचलीत आहोत. आपल्यामागे येथे पेठ नाही, आजोळ नाही, मुलाला मैदानावर सोडणारा काका नाही. आहे ते हे मंडळ.

म्हणून कार्यकारिणीपुढे काही सूचना ठेवतो. रविवारी अनेक शाळांची मैदाने रिकामी असतात; एकट्या पालकास जो दरवाजा उघडत नाही, तो मंडळाच्या पत्राने उघडू शकेल. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने दिलेल्या क्रीडाप्रशिक्षणास वस्तू व सेवा करातून सूट आहे. तेव्हा मंडळाने स्वतःचा वर्ग चालविल्यास तो १८ टक्क्यांचा भार तरी टळेल. चिटणिसांनी हिशेबतपासनिसांना विचारून नियम नीट पाहून घ्यावेत. लहान झालेले बूट फेकू नयेत. ग्रंथालयातील एक कपाट त्यांसाठी मिळावे. (ग्रंथपालांचा चेहरा आम्हांस दिसत आहे, बूट धुऊन आणावेत.) एकाच बाजूला राहणाऱ्या चार कुटुंबांनी गाडीच्या पाळ्या लावाव्यात.

पालकांसही एक विनंती. वर्षाची फी एकरकमी भरण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: कोचाजवळ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना आहे काय, आणि कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत मुले प्रत्यक्ष खेळतात काय. ‘तुमचा मुलगा भारताकडून खेळेल’ असे जो पहिल्याच दिवशी सांगतो, त्याच्यापासून सावध राहावे. बहुतेक मुले व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, आणि व्हावीत म्हणून आपण त्यांना मैदानावर पाठवीतही नाही.

पाळ्यांची व बुटांची अशा दोन वह्या आज सभागृहाच्या दारापाशी ठेवल्या आहेत. जाताना नाव, राहण्याचा भाग आणि मुलामुलींच्या बुटांचे माप लिहावे. मुलींसाठी वेगळे पान ठेवलेले नाही. सर्वांची नावे एकाच यादीत यावीत.