पाणबुडी सावकाश चालवावी लागते

सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. सोयाबीन, हळद, तूर, आणि पाण्यासाठी विहीर नाहीतर बोअर, हे इथल्या बोलण्यातले विषय. तरीही आज पाणबुडीबद्दल बोलायचं आहे, आणि तेही पोरं पडद्यावर चालवतात त्या पाणबुडीबद्दल. व्हिडिओ गेम म्हटला की डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, पोरगं चिडचिडं होतं, असं आपण म्हणतो. पुष्कळ खेळांबाबत ते खरंही आहे. पण सगळे खेळ एका मापाने मोजता येत नाहीत. पाण्याखाली तगून राहण्याच्या खेळातली मोठी पाणबुडी घाई केली की हातची जाते. ती वाचवायची तर आवाज, वीज आणि खोली या तिन्हींचा मेळ सतत घालावा लागतो. खऱ्या पाणबुडीवरचं काम याच मेळावर चालतं. म्हणून हा खेळ मुलांच्या हातात असणं मला वावगं वाटत नाही.

उदाहरणासाठी ‘सबनॉटिका’ हा प्रसिद्ध खेळ घेऊ. अमेरिकेतल्या अननोन वर्ल्ड्‌स या कंपनीने तो २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आणला. परग्रहावरच्या समुद्रात जहाज कोसळतं आणि एकच माणूस उरतो. सुरुवातीला त्याचा दम जेमतेम पाऊण मिनिट पुरतो. मग तो हवेची नळकांडी बनवतो, छोटं वाहन बनवतो आणि पुष्कळ पुढे गेल्यावर ‘सायक्लॉप्स’ नावाची पन्नासहून अधिक मीटर लांबीची पाणबुडी. तिच्या सुकाणूसमोर उभं राहिलं की वेगाची तीन बटणं दिसतात: हळू, मध्यम आणि जोरात. बाजूला पाणबुडी किती आवाज करते आहे हे दाखवणारा काटा, किती वीज उरली त्याचा आकडा, आणि खोली. नवखा खेळाडू हमखास ‘जोरात’चं बटण दाबतो. थोड्याच वेळात इंजिन तापल्याची सूचना येते; तिकडे कानाडोळा केला तर इंजिनाच्या खोलीत आग लागते. मग सुकाणू सोडून तिकडे पळायचं, आग विझवायची, आणि तोवर आवाजाच्या मागावर आलेला अजस्र प्राणी बाहेरून धडका देत असतो. त्याच्यावर उलटा हल्ला करायला या पाणबुडीवर एकही शस्त्र नाही. फार तर त्याला चकवणारं एक सोंग पाण्यात सोडता येतं. खरा उपाय म्हणजे वेग उतरवणं, वेळ आली तर इंजिन आणि दिवे दोन्ही बंद करणं, आणि तो निघून जाईपर्यंत अंधारात स्वस्थ बसणं. समोर आलेल्याला पाडल्यावर गुण देणारे खेळ ढिगाने आहेत; थांबणाऱ्याला वाचवणारे खेळ थोडे.

आता खरी पाणबुडी पाहू. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्याच वर्गातली दुसरी ‘खांदेरी’, शिवाजी महाराजांच्या सागरी दुर्गाचं नाव धारण करणारी, २०१९ मध्ये आली आणि सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये. सुमारे ६७ मीटर लांबीच्या कलवरीत ३६० बॅटऱ्या आहेत आणि त्यातली एकेक साडेसातशे किलोची आहे. पाण्याखाली असताना सगळा गाडा याच बॅटऱ्यांवर चालतो. त्या भरायच्या तर डिझेल इंजिनं चालवावी लागतात, इंजिनांना हवा लागते, आणि हवेसाठी पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढावी लागते. नेमकी तेव्हाच ती शत्रूच्या नजरेत येण्याची भीती सर्वांत जास्त. पाण्याचा विरोध असा की वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. म्हणजे घाई करणारा कप्तान बॅटरी लवकर संपवतो, आवाज वाढवतो आणि वर येण्याची वेळ स्वतःवर ओढवून घेतो. खेळातल्या तीन बटणांमागचा हिशेब हाच आहे, आकडे तेवढे सोपे केलेले.

यावर पहिला आक्षेप येतो की हे सगळं खोटं आहे. पडद्यावर मेलं की पुन्हा सुरू करता येतं. आक्षेप रास्त आहे, आणि खोटेपणा नेमका कुठे आहे तेही पाहायला हवं. या खेळात साधा पोशाख घातलेला माणूस कित्येकशे मीटर खोलीवर पाणबुडीतून बाहेर पडतो, बाहेरून पत्रा दुरुस्त करतो आणि परत येतो. प्रत्यक्षात हे अशक्य आहे. आपल्याकडे विहिरीत बुडी मारून तळाचा खडा काढणाऱ्या पोराला हे लगेच पटेल, कारण दोन परस खाली गेलं तरी कान दुखायला लागतात. १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट पाणी डोक्यावर असलं की दर चौरस सेंटीमीटरवर किलोभर जास्तीचा दाब येतो. एका तळहाताएवढ्या जागेवर तो क्विंटलभराच्या घरात जातो. शरीर बहुतांशी पाण्याचं असल्याने ते चेपत नाही, पण कानात आणि छातीत हवा असते, तिथे तो कळतो. ३०० मीटरवर हाच दाब ३० पट. खेळ इथे मुलाला फसवतो. परंतु पाणबुडीच्या बाबतीत तो फसवत नाही: सायक्लॉप्सला ५०० मीटरची मर्यादा आहे, आणि सांगाडा मजबूत केल्याशिवाय त्याखाली गेलं की ती चेपू लागते. ज्या मुलाने विहीर पाहिली आहे आणि हा खेळही पाहिला आहे, त्याला दाबाचा धडा शिकवायला शिक्षकाला निम्मेच कष्ट पडतील. खेळातली चूक शोधायला लावणं हाच एक उत्तम तास होऊ शकतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकचे अवशेष पाहायला उत्तर अटलांटिकमध्ये उतरलेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी चिरडली गेली आणि आतले पाचही जण मरण पावले. ती व्हिडिओ गेमच्या साध्या कंट्रोलरने चालवली जात होती, ही गोष्ट जगभर बोलली गेली. समुद्राला खेळ समजलं की असं होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात बोट ठेवलं ते सदोष रचनेवर, प्रमाणपत्र न घेण्यावर आणि अपुऱ्या देखभाल-तपासणीवर. कार्बन फायबरचं कवच वारंवार त्या खोलीवर नेणं हा मूळ धोका होता. कंट्रोलरचा त्यात दोष नव्हता. अमेरिकी नौदलाच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुड्यांवरही बाहेरचं दृश्य दाखवणारा कॅमेऱ्याचा खांब फिरवायला गेमचाच कंट्रोलर वापरला जातो, कारण तरुण नाविकांच्या हाताला त्याची सवय असते. टायटनच्या मालकांनी कवचाची जी मर्यादा पाळली नाही, ती खेळ पाणबुडी हाती येताच पाळायला लावतो. त्यामुळे ही दुर्घटना मला माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाताना दिसत नाही.

खेळाचं खरं उणं मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. सबनॉटिकात एकच माणूस सुकाणू धरतो, आग विझवतो आणि बॅटऱ्या बदलतो. कलवरीवर चाळीसहून अधिक जण असतात, आणि एकाचा कंटाळा सगळ्यांच्या जिवावर बेतू शकतो. ही समूहाची शिस्त एकट्याच्या खेळातून येत नाही. फिनलंडमध्ये तयार झालेला ‘बॅरोट्रॉमा’ हा खेळ ती उणीव काहीशी भरून काढतो: गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाखालच्या समुद्रात पाणबुडी, आणि त्यात कप्तान, इंजिनिअर, मेकॅनिक, डॉक्टर अशी कामं वेगवेगळ्या खेळाडूंनी वाटून घ्यायची. पत्रा फाटला की पाणी खरोखर आत येतं. मात्र तो भीतिदायक आहे, लहान मुलांचा नव्हे.

राहिला प्रश्न हा की पुसेगावच्या पोरांना याचा उपयोग काय. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरींचा अभ्यास हिंगोलीत होऊ शकतो, तर समुद्राच्या तळाचा विचार इथे का होऊ नये? चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत ‘मत्स्य ६०००’ ही तिघांना ६ हजार मीटर खाली नेणारी पाणबुडी तयार होते आहे. टायटॅनियमचा गोल, आतून २.१ मीटर व्यासाचा, आणि बाहेरून दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे ६०० किलोचा दाब. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीयांनी सरावासाठी फ्रान्सच्या ‘नॉटिल’मधून अटलांटिकमध्ये बुडी घेतली, त्यातले एक ५ हजार मीटरच्या खाली पोचले. या कामाला वेल्डिंग करणारे, बॅटरीवाले, धातूशास्त्रज्ञ, डॉक्टर असे सगळेच लागणार आहेत, आणि त्यांचा जन्म किनाऱ्यावर झालेला असण्याची काही गरज नाही.

वेळेची मर्यादा पालकांनी घालायलाच हवी, त्यात सूट नको. पण मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळताना दिसली तर मोबाईल ओढून घेण्याआधी शेजारी बसा आणि एवढंच विचारा: आत्ता इंजिन का बंद केलंस? उत्तर नीट ऐकून घ्या, आणि शाळेत विज्ञानाच्या गुरुजींनाही ते सांगायला लावा.