गाणारं व्हायोलिन

मागे एकदा व्याख्यानाच्या निमित्तानं इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याला जाणं झालं. व्याख्यान आटोपल्यावर एका गुरुजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, आमच्या शाळेतलं एक पोरगं भजनात पेटी वाजवतं. कान तयार आहे. आता त्याला व्हायोलिन शिकायचंय. पण वडील म्हणतात, त्यानं पोट भरणार आहे का? काय सांगू त्यांना?" मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत बोललो. प्रश्न मात्र मनात राहिला. आज त्याचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीतून द्यावं म्हणतो.

हा माणूस म्हणजे प्रभाकर जोग. जन्म २५ डिसेंबर १९३२ चा, नगर जिल्ह्यातल्या हरेगावचा. लासुर्ण्यासारखंच तेही उसाच्या पट्ट्यातलं गाव. लहानपणीच वडिलांचं छत्र हरपलं आणि घराला हातभार लावण्याची वेळ आली. तेव्हा बारा वर्षांचा हा मुलगा पुण्याच्या वाड्यावाड्यांतून व्हायोलिन वाजवू लागला. बिदागी किती? सव्वा रुपया आणि एक नारळ! म्हणजे पोट की व्हायोलिन, हा वाद त्याच्या घरी झालाच नाही. व्हायोलिनच पोटाला जुंपलं गेलं.

पण नुसत्या गरजेनं कोणी वादक होत नाही. त्याला शिकवणारे मिळाले ते गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर. गजाननबुवा मोठे गवई आणि तितकेच मोठे व्हायोलिनवादक. ज्याचा गुरू गातो, त्याच्या वाद्यालाही गाण्याची ओढ लागते.

इथं वाद्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. व्हायोलिन मूळचं युरोपातलं. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितांनी ते आपल्या संगीतात आणलं आणि तिथं ते गायनाच्या साथीचं मुख्य वाद्य होऊन बसलं. पेटीत प्रत्येक सुराची पट्टी ठरलेली. बोट ठेवलं की तो सूर वाजणारच. व्हायोलिनला तारा चार, पण पट्टी नाही की पडदा नाही. बोट केसभर सरकलं की सूर बिघडला. म्हणून ते शिकायला अवघड. पण त्याचमुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यात गळ्यासारखी निघते. आणि हातातला गज म्हणजे गवयाचा श्वासच समजा.

जोगांनी हे मर्म धरलं. गाण्यात अक्षर कुठं लांबतं, शब्द कुठं तुटतो, कुठं दम घ्यायचा, हे सगळं ते गजातून काढीत. ऐकणाऱ्याला वाटे, शब्दच कानावर पडताहेत. म्हणून त्यांच्या ध्वनिमुद्रिकांना 'गाणारं व्हायोलिन' हे नाव पडलं आणि ते घरोघरी पोचलं.

त्यांच्यापाशी आणखी एक गुण होता. गाण्याची चाल ऐकता ऐकता ते तिचं स्वरलेखन करीत. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' दर आठवड्याला प्रसारित होऊ लागलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचं, गीतं एकूण छप्पन्न. आठवड्याला एक नवं गीत उभं करायचं म्हणजे वादकाला चाल झटपट उतरवून घेता आलीच पाहिजे. जोग त्या वाद्यवृंदात होते. पुढे ते फडक्यांचे सहायक झाले आणि स्वतः संगीतकारही झाले. यशवंत देवांच्या 'स्वर आले दुरुनी' या गीताला त्यांनी चाल दिली आणि ते गायलं खुद्द फडक्यांनी! साथीला बसलेला वादक असा संगीतकाराच्या आसनावर आला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

गुरुजी, त्या मुलाच्या वडिलांना आता काय सांगाल? तो जोगांसारखा नावाजेल, असं वचन देऊ नका. ते कुणाच्या हाती नसतं. पण साथ करता येणं आणि चाल लिहिता येणं ही हातची विद्या आहे, आणि जोगांना नाव मिळण्याआधी तिनंच काम दिलं, एवढं खुशाल सांगा. शाळा सोडायचं कारण नाही. रोज ठरलेला तासभर रियाज पुरे, मात्र चुकवायचा नाही. जो अभंग वाजवायचा तो आधी तोंडानं म्हणायचा, मग वहीत त्याचे सूर लिहायचे, आणि शेवटी गज उचलायचा.

आणि वडिलांनाही एक विनंती. पहिले काही महिने घरात नुसती करकर ऐकू येईल. तेवढी सोसा. ऊसही लावल्या दिवशी गोड लागत नाही.